रहिमतपूरला सांगली ऐकू येत नाही

राहीने कानावरचे हेडफोन ओढून काढले आणि टेबलावर आपटले.

"मामा, ह्यात माणूस नाहीच. नुसती घरघर आहे."

"हळू ठेव गं, फौजेतला माल हाय त्यो," नाथाजीमामा म्हणाले. पण त्यांच्या आवाजात नेहमीचा दरारा नव्हता. त्यांनी हेडफोन उचलून उजव्या कानाला लावले, चकती थोडी इकडे फिरवली, थोडी तिकडे फिरवली आणि खाली ठेवून दिले.

नाथाजीमामा फौजेत सिग्नलमध्ये सुभेदार होते. एकाहत्तरच्या लढाईत शेजारीच तोफगोळा फुटला आणि त्यांचा डावा कान अधू झाला. पेन्शनीवर आल्यावर ते रहिमतपूरबाहेर मळ्यातल्या घरात राहू लागले. तिथे त्यांनी सरकारी लायसन्स काढून स्वतःचे हौशी वायरलेस स्टेशन उभे केले. रिसीव्हर पुण्याच्या जुन्या बाजारातून मोडीत आणलेला, ट्रान्समीटर घरी बांधलेला आणि एरियलची लांब तार आंब्यापासून गोठ्यामागच्या वाशापर्यंत ताणलेली. त्या तारेवर लीलामामी धुणे वाळत घालायच्या म्हणून दोघांची भांडणे होत. राही आणि तिचा धाकटा भाऊ अर्जुना दर उन्हाळ्यात सांगलीहून आजोळी यायची ती निम्मी आंब्यांसाठी आणि निम्मी या खोलीसाठी.

सांगलीला विश्रामबागेत, राहीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, नानासो सर राहायचे. ते कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांचेही असेच स्टेशन होते, फक्त दसपट मोठे आणि दसपट महाग. कृष्णेला पूर आला की टेलिफोनच्या तारा सगळ्यांच्या आधी तुटतात. म्हणून या पावसाळ्यापासून नदीच्या वरच्या अंगाची खबर हौशी वायरलेसवाल्यांनी सांगलीला द्यायची, असे ठरले होते. रहिमतपूरची जबाबदारी मामांवर होती. हा कागदावरचा मान नव्हता. सांगलीत पूर म्हणजे काय, हे राहीला माहीत होते. एकदा तिने आजीला पाठीवर घेऊन जिना चढणारे बाबा पाहिले होते.

आणि आता भलतेच झाले होते. मामांचे बोलणे सांगलीला शेजारच्या खोलीत बसल्यासारखे ऐकू जायचे. सांगलीचे मात्र रहिमतपूरला काहीच ऐकू येत नव्हते. चैत्रापर्यंत सगळे ठीक होते. मग रोज दिवेलागणीला, नेमक्या बोलायच्या वेळी, ही घरघर सुरू झाली.

"माझं कानच गेलं, राही," मामा म्हणाले. "एक गेलाच हुता, आता दुसराबी. सेट विकून टाकतो. उगं कुणाचा जीव माझ्या भरवशावर नगं."

राहीला संताप आला. मामांचा नव्हे, त्यांच्या त्या नियमाचा. सिग्नलमध्ये त्यांना पहिल्या दिवशी शिकवले होते की निरोप अडला की आधी आपला सेट तपासायचा, दुसऱ्याकडे बोट दाखवायचे नाही. म्हणून त्यांनी रिसीव्हर तीनदा उघडून जोडला होता. व्हॉल्व्ह बदलले होते, घरातले सगळे दिवे बंद करून पाहिले होते, साताऱ्याला जाऊन कान तपासून आले होते. नियम चांगलाच आहे. पण चांगल्या नियमामुळे चांगली माणसे किती मार खातात, ते कुणी मोजत नाही.

"मामा, माझे कान तर धड आहेत ना? मला तरी कुठे ऐकू येतंय?"

"मग सेट गेला म्हनायचा."

एवढ्यात पडवीतून अर्जुना ओरडला की त्याच्या ट्रान्झिस्टरचेही डोके फिरले आहे. तो आकाशवाणी सांगली लावून बसला होता आणि गाण्याच्या जागी कुणीतरी मिरची कांडत असल्यासारखा आवाज येत होता. राही धावत बाहेर आली. तिने ट्रान्झिस्टर कानाला लावला. तीच घरघर, तेच मधूनमधून तडतडणे.

ती तशीच आत गेली आणि तो डबा मामांच्या टेबलावर ठेवला.

"हा पण बिघडला? ह्याचे पण कान गेले?"

मामांनी ट्रान्झिस्टर उलटा करून मागचे झाकण उघडून पाहिले. तो सेलवर चालत होता. घरातल्या विजेशी त्याचा काही संबंध नव्हता.

"सर आपल्याला ऐकतायत," राही म्हणाली. "त्यांना सांगा, उद्या सकाळी उजाडल्यावर बोला म्हणून. उत्तर आपल्याला कळणार नाही, पण निरोप तर जाईल."

मामांनी माइक उचलला. समोरून काही ऐकू येत नसताना बोलायचे म्हणजे विहिरीत बोलण्यासारखे, पण ते बोलले, दोनदा बोलले, आणि सेट बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासो सरांचा आवाज सेटच्या कर्ण्यावर असा दणदणीत आला, की लीलामामी चुलीपुढून उठून दारात आल्या. मामांचा चेहरा उजळला. कान शाबूत होते, सेटही शाबूत होता. पण सरांना त्याचे कौतुक नव्हते.

"नाथाजीराव, सकाळी काय, कुणालाही ऐकू येतं," ते म्हणाले. "पूर सकाळ बघून येत नाही. संध्याकाळी 'निरोप परत सांगा, पाणी किती चढलं' असं मी विचारलं आणि तुम्हाला ते ऐकूच आलं नाही, तर तुमचा उपयोग काय? तुमच्यापेक्षा माझा सेट किती जोरकस आहे. तरी मी तुम्हाला ऐकतो आणि तुम्ही मला ऐकत नाही. म्हणजे खोट तुमच्याकडेच. रविवारी दिवेलागणीला शेवटची चाचणी. नाही जमलं, तर मी कराडच्या माणसाला जबाबदारी देणार."

मामा "रॉजर", म्हणजे मिळाले, एवढेच म्हणाले आणि त्यांनी माइक खाली ठेवला. राहीचे कान तापले. इतका शिकलेला माणूस, आणि एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाचा निकाल देऊन मोकळा झाला. मोठ्या माणसांची ही खोड फार वाईट. स्वतःला ऐकू येते म्हटल्यावर जगात सगळे सुरळीत आहे, असे त्यांना वाटते.

"सर खोट आपल्याकडे म्हणाले ते बरोबरच आहे," अर्जुना म्हणाला.

"अर्जुना, मार खाशील."

"अगं ऐक तर. पिठाच्या गिरणीत आपण उभं असलो आणि गिरणीवाला ओरडला, तर बाहेर रस्त्यावर ऐकू जातं. पण रस्त्यावरचा माणूस ओरडला, तर गिरणीवाल्याला कुठं ऐकू येतं? त्याच्या कानाशी तर गिरणी चालू असते. तशी आपल्याकडे कुठेतरी गिरणी आहे. फक्त ती संध्याकाळीच चालते."

राहीने त्याच्याकडे नव्याने पाहिले. एरवी हा मुलगा आंब्याच्या कोयी मोजण्यापलीकडे डोके चालवत नसे.

गिरणी शोधायची तर रान माहीत असलेला माणूस हवा. तो म्हणजे सिद्धू. सिद्धू धनगराचा. त्याचे वडील कोंडीबा दुसऱ्या कळपाबरोबर गेले होते, आणि सिद्धू व त्याची आई हरणाबाई माणदेशातून मेंढरे घेऊन इकडे आली होती. ओढ्याकडच्या बाजूला हंबीररावांची जमीन होती. त्यांनीच आपल्या मोकळ्या रानात मेंढरे बसवायला त्यांना बोलावले होते. रात्रभर कळप शेतात बसला की लेंडीचे खत आयते पडते, त्या बदल्यात धनगराला धान्य मिळते. त्या रानाला लागूनच हंबीररावांचा हिरवागार ऊस होता.

मागच्या सुट्टीत सिद्धूबरोबर खंड्या असायचा. काळा, झुपकेदार शेपटीचा, लांडग्याच्या अंगावर जाणारा कुत्रा. आज सिद्धू एकटाच बांधावर बसला होता.

"खंड्या कुठाय?" अर्जुनाने विचारले.

"मेला," सिद्धू म्हणाला.

त्याने ते सरळ सांगून टाकले. मग तो आपणच बोलू लागला. आल्यावर चार-आठ दिवसांतच, अंधार पडायच्या वेळेला, खंड्या सशामागे उसाकडे पळाला आणि एकदाच केकाटला. सिद्धू पोचला तेव्हा तो ताठ होऊन पडला होता. हंबीरराव म्हणाले, साप चावला.

"सापानं नाकावरचं क्यास जळत्यात व्हय?" सिद्धू म्हणाला. "आडवी रेघ हुती जळल्याली. मी दावली. आईनं दावली. आई तीनदा गेली त्यांच्या वाड्यावं सांगाय. हंबीरआबा म्हनलं, बाई, तुला सापातलं काय कळतं. आमी काय बी बोललो तर कुनाला ऐकाय जात न्हाई, गड्या."

राहीने ट्रान्झिस्टर त्याच्या हातात दिला आणि त्यांना काय शोधायचे आहे ते सांगितले.

त्या संध्याकाळी तिघे निघाले. सूर्य नुकताच टेकला होता, वाट दिसत होती. घराजवळ घरघर होतीच. आधी ते गावाच्या बाजूला गेले, तर आवाज बारीक झाला. वळून ओढ्याच्या बाजूला आले, तर वाढला. मामांनी राहीला एकदा शिकवले होते की ट्रान्झिस्टर आडवा धरून सावकाश फिरवायचा. ज्या जागी आवाज एकदम दबतो, तिथे डब्याचे टोक आवाजाच्या रोखाने असते. तिने फिरवून पाहिला. टोक उसाकडे गेले.

उसाच्या कडेला आवाज इतका झाला, की अर्जुनाने बटण कमी केले. तिथे लहान लहान खुंट्या ठोकल्या होत्या. त्यांना गुडघ्याएवढ्या उंचीवर एक पातळ तार बांधली होती. ती उसाभोवती दूरवर गेली होती. दिवसा कुणाचे लक्षही जाऊ नये अशी.

"एरियल आहे का ही कुणाची?" म्हणत राहीने हात पुढे केला.

सिद्धूने तिच्या मनगटावर काठी मारली. जोरात मारली. राही कळवळली आणि त्याच्यावर ओरडणार, तोच त्याने काठीने खाली दाखवले. तारेखाली एक मुंगूस पडले होते. ताठ, दात विचकलेले, नाकावर आडवी काळी रेघ.

पुढे उसाचे एक ओले पान वाऱ्याने हलून तारेला टेकले. तिथे निळी ठिणगी उडाली. ट्रान्झिस्टर तडतडला. पान हलले, ठिणगी उडाली, ट्रान्झिस्टर पुन्हा तडतडला.

सिद्धूने काठीने दोघांना मागे सारले.

"रानडुकरं रातचं ऊस खात्यात म्हनून दिवस बुडाला की करंट सोडत्यात," तो म्हणाला. "आन् आमाला हितंच मेंढरं बसवाय बोलवलं. सांगितलं बी न्हाई. माझी धाकटी भन हितं फिरती, राही."

राही रागाने रडली. त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच हंबीररावांच्या वाड्यावर गेली. हे तिचे चुकलेच. पण राग आला की तिला थांबता येत नसे. हंबीरराव म्हणजे गावातले वजनदार प्रस्थ. सभेत पहिल्या खुर्चीवर बसणारे, लग्नात पहिल्या पंगतीत वाढून घेणारे, सगळ्यांचे आबा. त्यांनी तिचे सगळे ऐकून घेतले आणि मायेने हसले.

"अगं पोरी, ऊस वाऱ्यानं पडू नये म्हनून आधाराला बांधलीय ती तार. करंट कसला? व्हय का रं आकाराम?"

आकाराम त्यांचा सालगडी. पंपाची आणि मळ्यातल्या विजेची बटणे त्याच्याच हातात. तो आपल्या पायांकडे बघत "व्हय आबा" म्हणाला. मग हंबीरराव हसायचे थांबले. सुट्टीत आलेल्या पोरींनी आंबे खावेत, दुसऱ्याच्या बांधावर हिंडू नये, असे त्यांनी सांगितले आणि मामांच्या कानांची चौकशी केली.

घरी येऊन राहीने मामांना सगळे सांगितले. मामा गंभीर झाले. पण तेही म्हणाले की हंबीरराव जुना शेजारी आहे. एरियलचा वासा त्यानेच दिला. खात्री केल्याशिवाय असे बोलू नये. चाचणी होऊ दे, मग सवडीने विचारतो.

"सवडीने? तोवर कोण मरायचं ठरलंय?" राही म्हणाली.

लीलामामींनी तिला दटावले. पण त्या दिवशी त्यांनी कोंबड्या मात्र संध्याकाळ व्हायच्या आतच डालल्या.

मग तिघांनी आंब्याखाली बसून बेत केला. अडचण एकच होती. राही बोलून बसल्यामुळे रविवारी हंबीरराव तार बंद ठेवणार. तसे झाले तर आवाजही नाही आणि पुरावाही नाही. सिद्धूने गवताची काडी चघळत विचार केला आणि म्हणाला, ते माझ्याकडं लागलं. त्याने आकारामला जाऊन एवढेच सांगितले, की ओढ्याच्या चिखलात डुकरांचे ताजे माग उमटलेत, पिलांसकट मोठा कळप दिसतोय. उसाच्या मालकाला एवढे पुरे असते.

"खोटं बोललास?" अर्जुनाने विचारले.

"माग हुतं की," सिद्धू म्हणाला. "कवाचं, ते त्यानं इचारलं न्हाई."

रविवारी दुपारपासूनच मामांच्या पडवीत माणसे जमली. वायरलेसची चाचणी म्हणजे गावाला जत्राच. शाळेचे गुरुजी आले, देवळाकडची मंडळी आली, आणि पांढरीशुभ्र टोपी घालून हंबीररावही आले. बोलावले कुणी नव्हते, पण जिथे पहिली खुर्ची असेल तिथे ते असतच. हरणाबाई लेकीला कडेवर घेऊन अंगणाच्या टोकाला उभी राहिली. मेंढरे तिने त्या दिवशी सकाळीच ओढ्यापलीकडे नेली होती. तिला पडवीत ये असे कुणी म्हणाले नाही.

सूर्य कलेपर्यंत सांगली खणखणीत ऐकू येत होती. नानासो सर एकेक आकडा सांगत होते, मामा तो परत म्हणून दाखवत होते. मग उन्हे उसामागे गेली आणि मधल्याच एका आकड्यावर घरघर सुरू झाली. मामांनी चकती फिरवली. घरघरच. त्यांनी कपाळ पुसले आणि परत फिरवली.

"नाथाजी, वाईट वाटून घेऊ नकोस," हंबीरराव सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "फौजेत कान दिलंस, त्येचा मान हाय आमाला. पन वय हुतं मानसाचं."

मामांची मान खाली गेली. आणि राही उठली. आतून ती पेटली होती, पण तिने आवाज मऊ ठेवला. ते तिला किती जड गेले, ते तिचे तिलाच ठाऊक.

"आबा, मामांचे कान अधू, आम्ही पोरं. तुमचे कान चांगले आहेत. हा आवाज कुठून येतो, ते तुम्हीच शोधून द्या ना." तिने अर्जुनाचा ट्रान्झिस्टर त्यांच्या हातात ठेवला. "जिकडे वाढेल तिकडे जायचं, बस."

लोक हसले. गुरुजींना ती कल्पना फारच आवडली. "चला आबा, शास्त्रीय प्रयोग आहे," म्हणत तेच पुढे झाले. पहिल्या खुर्चीवरून उठून नाही म्हणायची हंबीररावांना सोय राहिली नाही.

ते निघाले ते थेट गावाच्या बाजूला. पन्नासएक पावलांवर आवाज पार बारीक झाला.

"आबा, कमी हुतंय की," कुणीतरी म्हणाले.

ते सडकेच्या बाजूला वळले. तिथेही वाढेना. आता मागून येणाऱ्यांना खेळ कळला होता. "डावीकडं, आबा", "आता वाढलं", "सरळ, सरळ", असा गलका करत तीसेक माणसे हंबीररावांना त्यांच्याच उसाकडे घेऊन निघाली. त्यांच्या हातातला डबा दर पावलाला जास्त ओरडत होता. तो बंद करता येत नव्हता आणि टाकून देता येत नव्हता.

उसाच्या अलीकडे सिद्धू काठी आडवी धरून उभा होता. "हितनं फुडं कुनी यायचं न्हाई," तो म्हणाला. बारक्या पोराचे कोण ऐकणार, पण त्याचा चेहरा पाहून सगळे थांबले.

"तार दिसतीय ती," गुरुजी म्हणाले. "कसली हो आबा?"

"उसाच्या आधाराला."

"हो, मला पण तेच सांगितलं आबांनी," राही म्हणाली. "करंट नाही म्हणाले. आकाराम पण म्हणाला. मग आबा, हात लावा तारेला."

हंबीरराव हसले. कुणीच त्यांच्याबरोबर हसले नाही.

"हात लावा ना. आधाराचीच तार आहे. खंड्याने नाक लावलं होतं. सिद्धूची बहीण इथे खेळते. तुम्ही एकदा फक्त बोट लावा, मी सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडून माफी मागते."

ट्रान्झिस्टर त्यांच्या हातात तडतडत होता. पान हलले, तारेवर निळी ठिणगी उडाली आणि ती तीस माणसांनी पाहिली. हंबीररावांचा हात टोपीकडे गेला, खाली आला, धोतराला पुसला गेला. तारेकडे काही तो गेला नाही.

गलका ऐकून आकाराम बांधापाशी आला होता. नाथाजीमामा गर्दीतून पुढे आले. राहीने त्यांना असे कधी पाहिले नव्हते.

"आकाराम," ते म्हणाले, आणि तो फौजी आवाज उसाच्या पार ऐकू गेला, "बटन बंद कर. पळ."

आकाराम पंपाच्या खोलीकडे धावला. आणि हंबीररावांच्या हातातली घरघर एकदम तुटली. तिच्या जागी आकाशवाणी सांगलीवर कुणीतरी शांतपणे बाजारभाव सांगू लागले. त्याच वेळी मागे मळ्यातून, उघड्या खिडकीतून, मामांच्या सेटचा कर्णा गरजला:

"रहिमतपूर, रहिमतपूर, सांगली बोलतेय. नाथाजीराव, ऐकू येतंय का?"

सगळे घराकडे धावले. अर्जुना सगळ्यांच्या पुढे होता. मामा मात्र सावकाश चालत आले, खुर्चीवर बसले, माइक उचलला.

"सांगली, तुमी पाच-नऊ," ते म्हणाले. पाच-नऊ म्हणजे शब्द न् शब्द स्वच्छ आणि आवाज पुरा. मग त्यांनी घडले ते सगळे सांगितले.

"नाथाजीराव, माझं चुकलं," सर म्हणाले. "तुमच्या दारात कुणी गोंगाट मांडलाय का, हे मी विचारायला हवं होतं. तुमच्या कानांना दोष देऊन मोकळा झालो. रहिमतपूरचं स्टेशन तुमचंच. आणि त्या मुलांना शाबासकी सांगा."

पडवीत कौतुकाचा पाऊस सुरू झाला. गुरुजींनी राहीची पाठ थोपटली, देवळाकडच्या मंडळींनी अर्जुनाला उचलले. लीलामामींनी डोळ्यांना पदर लावला. तोवर हंबीररावही सावरून आले होते. तार उपटायला माणूस लावलाय, असे सांगून ते म्हणाले की पोरांनी लय हुशारी केली, माझ्याकडून सगळ्यांना पेढे.

"मला नकोत तुमचे पेढे," राही म्हणाली. "आम्ही फक्त आवाज शोधला. खंड्या सापाने मेला नाही, हे हरणामावशींनी तुम्हाला तीनदा येऊन सांगितलं होतं. तुमचे कान तर चांगले होते."

अशा वेळी एरवी कुणीतरी म्हणते, पोरी, मोठ्यांशी असे बोलू नये. त्या दिवशी कुणी म्हणाले नाही.

मामा उठले. अंगणाच्या टोकापर्यंत गेले आणि हरणाबाईला म्हणाले, "या बाई, वर या." ती संकोचत पडवीत आली. सिद्धू तिच्या मागे उभा राहिला. मामांनी पुन्हा माइक उचलला.

"सांगली, ह्यो गोंगाट कशाचा हुता त्येची नोंद करा. उघड्या तारंत करंट सोडला हुता. त्यात एक कुत्रा मेला. नाव खंड्या. मालक सिद्धू कोंडीबा. पयली खबर त्येच्या आईनं दिली, हरणाबाईनं. ती कुनी ऐकली न्हाई. परत सांगतो. पयली खबर हरणाबाईनं दिली. मिळालं का?"

हंबीररावांना ते पहिल्या खुर्चीवर बसून ऐकावे लागले.

"मिळालं," सांगलीहून नानासो सरांचा आवाज आला आणि त्यांनी प्रत्येक शब्द परत म्हणून दाखवला. कुत्रा. नाव खंड्या. पहिली खबर हरणाबाई.

सिद्धूने बाहीने नाक पुसले.

"एवड्या लांब ऐकाय गेलं?" हरणाबाईने राहीला हळूच विचारले.

"गेलं, मावशी. पाच-नऊ."

हरणाबाईने मान डोलावली, लेकीला कडेवर सारखे केले आणि सिद्धूला म्हणाली की चल, मेंढरं आणायची हायत. त्या रात्री कळप मामांच्या रानात बसला.